वर्गातला पडदा आणि हक्काची जमीन

उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींविषयी शाळेत काय शिकवले गेले, हे समजून घ्यायचे तर वर्गात कोणकोणती साधने आली ते पाहावे लागते. छायाचित्र, १६ मिलिमीटरची फिल्म, टेलिव्हिजन, संगणकावरचा खेळ, इंटरनेटवरचा नकाशा अशी एकेक वस्तू येत गेली आणि प्रत्येकीने गोऱ्या मुलांना आदिवासी दाखवले. त्यांची घरे, शिकार, कपडे, नाच सारे दिसले. त्यांचा जमिनीवर, पाण्यावर, भाषेवर आणि स्वतःच्या मुलांवर काही हक्क आहे, ही गोष्ट मात्र जवळजवळ शंभर वर्षे दिसली नाही. साधन नवे आले म्हणून ती दिसू लागली असेही झाले नाही. ते साधन आदिवासींच्या हाती गेले तेव्हा ती दिसू लागली.

सुरुवात कॅमेऱ्यापासून होते. १८७९ साली पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी, लष्कराच्या रिकाम्या बराकींत रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने आदिवासी मुलांची निवासी शाळा काढली. शाळेत येणाऱ्या मुलांची छायाचित्रे गावातला छायाचित्रकार जॉन चोट काढीत असे. एक आल्या दिवसाचे, एक काही काळानंतरचे. नावाहो जमातीच्या टॉम टॉर्लिनोची अशी जोडी सर्वांत प्रसिद्ध आहे. १८८२ च्या छायाचित्रात मोकळे केस, कानात वळी, गळ्यात माळा. तीन वर्षांनंतरच्या छायाचित्रात कापलेले केस, कोट आणि टाय. दुसऱ्या छायाचित्रात त्याचा रंगसुद्धा उजळलेला दिसतो, आणि अभ्यासक त्याचे श्रेय प्रकाशयोजनेला देतात. अशा जोड्या दाखवून प्रॅट देणगीदारांना आणि काँग्रेसच्या सभासदांना शाळेचे यश पटवून देई. कॅनडाच्या आदिवासी खात्याने १८९६ च्या वार्षिक अहवालात रेजायनाच्या औद्योगिक शाळेतल्या टॉमस मूर या मुलाची तशीच जोडी छापली.

या जोड्यांमधून काय वगळले गेले, ते करारनामे वाचले की कळते. १८७१ साली मॅनिटोबात झालेल्या पहिल्या क्रमांकित करारात, जमातीची इच्छा असेल तेव्हा तिच्या राखीव वस्तीवर शाळा चालवण्याचे वचन ब्रिटिश राजसत्तेने दिले होते. म्हणजे शाळा हा जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला हक्क होता आणि ती गावात असायची होती. प्रत्यक्षात मुलांना गावापासून शेकडो किलोमीटर दूर नेले गेले. १९२० साली कॅनडाने आदिवासी मुलांना शाळेत धाडणे सक्तीचे केले. १९२७ साली इंडियन अ‍ॅक्ट या आदिवासींविषयीच्या कायद्यात आणखी एक कलम आले, त्यानुसार सरकारी परवानगीवाचून जमिनीच्या दाव्यासाठी पैसा गोळा करणे हा गुन्हा ठरला. ते कलम १९५१ पर्यंत टिकले. ज्या पिढीला हक्क मागणेच बेकायदा होते, तिच्या मुलांना शाळेत हक्कांचा धडा मिळणे शक्य नव्हते. कॅनडातल्या निवासी शाळांतून सुमारे दीड लाख मुले गेली आणि शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. अमेरिकेच्या गृह खात्याने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ४१७ शाळांची आणि त्यांत मरण पावलेल्या किमान ९७३ मुलांची नोंद आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वर्गात प्रोजेक्टर आला. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडल्यावर अमेरिकेत शालेय अभ्यासक्रम नव्याने रचण्याची लाट आली. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशातून मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या नेतृत्वाखाली मॅसॅच्युसेट्समध्ये ‘मॅन: अ कोर्स ऑफ स्टडी’ हा दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठीचा अभ्यासक्रम तयार झाला. त्याचा गाभा होत्या नेत्सिलिक इन्युइट लोकांच्या फिल्म. मानवशास्त्रज्ञ आसेन बालिक्सी यांनी १९६३ ते १९६५ या काळात कॅनडाच्या उत्तर टोकाला पेली बे इथे त्या घडवून आणल्या. निवेदन नाही, भाषांतर नाही, फक्त बर्फावरच्या पावलांचे, कुत्र्यांचे आणि माणसांच्या बोलण्याचे आवाज. मुलांनी पाहावे, प्रश्न विचारावेत आणि माणूस माणूस कशामुळे होतो याचा विचार करावा, अशी ब्रूनर यांची अपेक्षा होती. शालेय फिल्मच्या इतिहासात याहून देखणे काम क्वचितच झाले असेल. दगडी बांधावर मासे अडवून भाल्याने मारणे, बर्फाचे घर रचणे, सील प्राण्याच्या श्वासाच्या भोकाशी तासन्‌तास उभे राहणे हे सगळे त्यांत विलक्षण धीराने टिपलेले आहे.

पण या फिल्ममध्ये बंदूक नाही, दुकान नाही, चर्च नाही. बालिक्सी यांनी तिथल्या कुटुंबांना बंदुका येण्यापूर्वीचे, म्हणजे साधारण १९१९ च्या सुमाराचे जगणे पुन्हा करून दाखवायला सांगितले होते. वडीलधाऱ्यांना ती कौशल्ये आठवत होती आणि त्यांनी ती मनापासून दाखवली. त्याच वर्षांत त्या भागातल्या कॅथलिक वस्त्यांमधली मुले चेस्टरफील्ड इनलेटच्या निवासी शाळेत धाडली जात होती. तिथे काहींच्या वाट्याला काय आले, ते पुढे चौकशांमधून बाहेर आले. बोस्टनच्या वर्गात बसलेल्या मुलाला यातले काहीच कळले नसते, कारण फिल्ममधला काळच चाळीस वर्षे मागे थांबवलेला होता.

१९७५ साली अमेरिकन काँग्रेसमध्ये या अभ्यासक्रमावरून मोठा गदारोळ झाला. अ‍ॅरिझोनाचे प्रतिनिधी जॉन कॉनलन यांनी, वृद्धांना मागे सोडून जाणाऱ्या आणि उपासमारीत अर्भकांना मरू देणाऱ्या लोकांच्या कथा अमेरिकन मुलांची नीती बिघडवतील, असा आरोप केला. अभ्यासक्रमाचा पैसा थांबला. दोन्ही बाजू तावातावाने भांडल्या, पण पेली बेच्या लोकांचा आज त्यांच्या भूमीवर कोणता हक्क आहे, हा प्रश्न त्या भांडणात आलाच नाही. उत्तर मात्र उत्तरेत तयार होत होते. १९७१ साली इन्युइटांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. मिल्टन फ्रीमन यांच्या देखरेखीखाली शेकडो शिकाऱ्यांनी, आपण आयुष्यभर कुठे शिकार केली, कुठे मासे धरले, कुठे तळ ठोकले हे नकाशांवर रेघा ओढून दाखवले. ते तीन खंड १९७६ साली छापून झाले आणि भूमीच्या दाव्याचा पुरावा ठरले. १९९९ साली कॅनडात नुनावुत हा वेगळा प्रदेश निर्माण झाला. पेली बेचे नावही आता कुगारुक आहे. अमेरिकन मुले फिल्म पाहत होती त्याच वर्षांत त्या फिल्ममधले लोक नकाशे काढत होते, हा योगायोग इतिहासाच्या पुस्तकांत जितका यायला हवा तितका आलेला नाही.

इन्युइटांनी पडद्याकडे कसे पाहिले, याचे उदाहरण इग्लुलिकचे आहे. उपग्रहामुळे टेलिव्हिजन उत्तरेत पोहोचू शकत होता. पण त्यावर इनुक्टिटुट भाषेतले काहीच नाही, म्हणून त्या गावाने १९७५ आणि १९७९ साली मतदान करून टेलिव्हिजन नाकारला. त्याच गावच्या झकारियस कुनुक यांनी १९८१ साली आपली शिल्पे विकून व्हिडिओ कॅमेरा विकत घेतला आणि पुढे वडीलधाऱ्यांकडून जुने जगणे पुन्हा उभे करवून घेणारी मालिका तयार केली. बालिक्सी यांचीच पद्धत, पण काय दाखवायचे आणि कोणाच्या भाषेत, हे गाव ठरवीत होते. १९८२ पासून इन्युइटांची स्वतःची प्रसारण संस्था काम करू लागली आणि पुढे तिचा मुलांसाठीचा कार्यक्रम इनुक्टिटुटमध्ये होऊ लागला.

दक्षिणेतल्या शाळांपर्यंत हक्कांचा विषय नेण्याचे श्रेय बऱ्याच अंशी कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म मंडळातल्या दोन माणसांकडे जाते. सामाजिक प्रश्नांवरच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून मंडळाने १९६८ साली आदिवासींचा एक चित्रपट गट तयार केला. त्यात अक्वेसास्नेचा मोहॉक तरुण मायकेल मिचेल होता. त्याचे गाव अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर येते. १७९४ च्या जे करारानुसार ही सीमा मुक्तपणे ओलांडण्याचा हक्क मोहॉक सांगत, आणि कॅनडा मात्र त्यांच्या किराण्यावरही जकात घेत होते. डिसेंबर १९६८ मध्ये लोकांनी कॉर्नवॉलचा आंतरराष्ट्रीय पूल अडवला, पोलिसांनी धरपकड केली आणि हे सगळे कॅमेऱ्यात आले. १९६९ चा ‘यू आर ऑन इंडियन लँड’ हा ३६ मिनिटांचा माहितीपट त्यातून झाला. हक्क म्हणजे काय, तो कोणत्या कागदावर लिहिला आहे आणि तो मागणाऱ्याचे काय होते, हे तिन्ही त्यात आहे. मिचेल पुढे जमातीचे प्रमुख झाले. १९८८ साली त्यांनी मुद्दाम सामान घेऊन सीमा ओलांडली आणि जकात भरायला नकार दिला. तो खटला २००१ साली सर्वोच्च न्यायालयात ते हरले. आज शिक्षक तो माहितीपट आणि तो निकाल वर्गात एकत्र वापरू शकतो. हक्क मागितला की मिळतोच असे नाही, हेही मुलांना कळायला हवे.

दुसरे नाव अ‍ॅलानिस ओबोमसाविन यांचे. अबेनाकी जमातीच्या या गायिकेने लहानपणी ट्रुआ-रिव्हिएरच्या शाळेत, इतिहासाच्या तासाला आपल्या लोकांना रानटी म्हटलेले ऐकले होते आणि त्या तासांनंतर मारही खाल्ला होता. १९६७ साली त्या मंडळात सल्लागार म्हणून आल्या. १९७१ सालच्या त्यांच्या पहिल्या फिल्ममध्ये मूस फॅक्टरी या गावच्या निवासी शाळेतल्या मुलांची चित्रे आणि त्याच मुलांचे आवाज आहेत. त्यानंतर त्यांनी खास वर्गासाठी संच बनवले: क्वेबेकमधल्या मानवान गावचा आणि ब्रिटिश कोलंबियातल्या लिलवाट लोकांचा. फिल्मस्ट्रिप, ध्वनिमुद्रणे आणि छापील साहित्य असलेल्या या संचांत गावातली माणसे स्वतःविषयी स्वतः बोलत होती. आदिवासींबद्दल निवेदकाने सांगायची सवय शालेय साहित्याला इतकी जडली होती की निवेदक काढून टाकणे हीच मोठी गोष्ट ठरली. क्वेबेकमधल्या ओका इथे गोल्फचे मैदान वाढवण्यासाठी मोहॉकांच्या स्मशानालगतची पाइनराई घेतली जाणार होती. त्यावरून १९९० साली आधी पोलिसांशी आणि मग लष्कराशी मिळून ७८ दिवस पेच चालला. त्या काळात ओबोमसाविन वेढ्याच्या आत राहिल्या, आणि १९९३ चा त्यांचा माहितीपट आज कॅनडात हक्कांच्या इतिहासाचा मूलभूत दस्तऐवज मानला जातो.

संगणकाची गोष्ट मिनेसोटात सुरू होते. ३ डिसेंबर १९७१ रोजी मिनियापोलिसच्या एका शाळेत डॉन रॉविच या प्रशिक्षणार्थी शिक्षकाने आठवीच्या इतिहासाच्या वर्गात टेलिटाइप यंत्र आणले. दोन मित्रांच्या मदतीने लिहिलेला ‘द ओरेगन ट्रेल’ हा खेळ त्यावर चालत होता. मुलांनी १८४७ सालचे स्थलांतरित व्हायचे, बैलगाडी घेऊन मिसूरीपासून ओरेगनपर्यंत जायचे, अन्न, दारूगोळा आणि कपडे यांचा हिशेब ठेवायचा. १९७४ पासून राज्याच्या शैक्षणिक संगणन संस्थेने तो मिनेसोटाच्या शाळांना दिला. रॉविच यांनी तेव्हा स्थलांतरितांच्या रोजनिश्या वाचून खेळातल्या घटनांचे प्रमाण सुधारले. आदिवासींकडून हल्ल्यापेक्षा मदतच अधिक मिळाल्याचे त्यांना दिसले आणि तसा बदल त्यांनी केला. पुढे अ‍ॅपलच्या संगणकावर तो पोहोचला आणि अमेरिकेच्या दोन पिढ्यांनी पश्चिमेकडची वाटचाल याच खेळातून शिकली.

त्या वाटेखालची जमीन कोणाची होती, हे खेळात नव्हते. १८५१ साली फोर्ट लॅरमी इथे अमेरिकन सरकारने मैदानी प्रदेशातल्या जमातींशी करार केला होता. प्रवाशांना सुखरूप जाऊ द्यावे, रस्ते आणि ठाणी बांधू द्यावीत, त्याबदल्यात प्रत्येक जमातीचा प्रदेश मान्य होईल आणि पन्नास वर्षे दरवर्षी ५०,००० डॉलर किमतीचा माल मिळेल, असे ठरले. सिनेटने पन्नास वर्षांची मुदत परस्पर कमी केली. गाडी हाकणाऱ्या मुलाला नदी किती खोल आहे ते खेळ सांगत असे, पण आपण कोणाच्या हद्दीतून चाललो आहोत ते सांगत नसे.

याला उत्तर आले ते २०१९ साली, आणि तेही मिनेसोटातूनच. आदिवासींच्या जमिनी परत मिळवण्यासाठी तिथे काम करणाऱ्या इंडियन लँड टेन्युअर फाउंडेशनने मिशिगन स्टेट विद्यापीठाबरोबर ‘व्हेन रिव्हर्स वेअर ट्रेल्स’ हा खेळ तयार केला. एलिझाबेथ लापेन्से यांच्या मार्गदर्शनाखाली अनेक जमातींच्या लेखकांनी त्याची गोष्ट लिहिली. यातला खेळाडू १८९० च्या दशकातला अनिशिनाबे जमातीचा माणूस आहे. वाटणीच्या कायद्यामुळे त्याची फाँड ड्यू लाक या राखीव वस्तीतली जमीन जाते आणि तो पश्चिमेकडे निघतो. ही वाटणी म्हणजे १८८७ चा डॉज कायदा: जमातीची सामाईक जमीन तुकडे करून कुटुंबांना द्यायची आणि उरलेली गोऱ्यांना खुली करायची. १८८७ साली आदिवासींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती, १९३४ मध्ये ती सुमारे ४ कोटी ८० लाख एकर उरली. हा खेळ फाउंडेशनच्या जमीनविषयक अभ्यासक्रमाला जोडलेला असल्याने शिक्षकाला कायदा, नकाशा आणि खेळ एकाच तासात हाताळता येतात.

फिल्म आणि खेळ असूनही ते दाखवायचे की नाही, हे बरीच वर्षे एखाद्या उत्साही शिक्षकावर अवलंबून होते. ते बदलले कायद्याने. मोंटानाने १९७२ च्या राज्यघटनेतच आदिवासींचा वारसा शिकवण्याचे बंधन घातले, पण त्यासाठी पैसा मिळायला २००५ उजाडले. २००७ साली कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांताने करारांचे शिक्षण सर्व शाळांत सक्तीचे केले. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी स्वीकारला. भारताने बाजूने मत दिले. विरोधातली चार मते कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची होती, आणि पुढे या चौघांनीही भूमिका बदलली. जाहीरनाम्याच्या चौदाव्या कलमात स्वतःची शिक्षणव्यवस्था चालवण्याचा हक्क आहे. पंधराव्या कलमानुसार आदिवासींचा इतिहास आणि त्यांच्या आकांक्षा सर्वांच्याच शिक्षणात सन्मानाने यायला हव्यात. २०१२ साली वायव्य प्रदेश आणि नुनावुत यांनी निवासी शाळांचा इतिहास दहावीला सक्तीचा केला. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या ९४ शिफारशींपैकी ६२वी हेच साऱ्या कॅनडासाठी मागते. सरकारे मात्र बदलतात. जुलै २०१८ मध्ये ऑंटेरिओच्या नव्या सरकारने या विषयाच्या अभ्यासक्रम लेखनाच्या ठरलेल्या बैठका ऐनवेळी रद्द केल्या.

याच काळात नकाशा पुन्हा मध्यभागी आला. २०१५ साली ब्रिटिश कोलंबियात सुरू झालेल्या नेटिव्ह लँड या संकेतस्थळावर मूल आपला पत्ता टाकते आणि ती जागा कोणत्या लोकांची, कोणत्या भाषेची, कोणत्या कराराखालची हे पाहते. रंगांचे पट्टे एकमेकांवर चढलेले दिसतात, कारण या लोकांच्या हद्दी सर्व्हेच्या दगडांनी आखलेल्या नव्हत्या. २०१८ साली रॉयल कॅनेडियन जिओग्राफिकल सोसायटीने आदिवासी संघटनांबरोबर चार खंडांचा अ‍ॅटलास, त्याचे अ‍ॅप आणि जमिनीवर अंथरायचा प्रचंड नकाशा काढला. त्या नकाशावर प्रांतांच्या सीमा नाहीत. मुले मोजे घालून त्यावर चालतात आणि आपल्या गावाजवळची निवासी शाळा शोधतात.

दूरच्या वस्त्यांत प्रश्न वेगळा होता. ऑंटेरिओच्या वायव्येतल्या अनेक राखीव वस्त्यांत हायस्कूल नाही, म्हणून तेरा-चौदा वर्षांची मुले थंडर बेला एकटी राहायला जातात. २००० ते २०११ या काळात तिथे अशी सात मुले दगावली. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या कीवेटिनूक इंटरनेट हायस्कूलने गावातच वर्गखोली, एक शिक्षक आणि संगणकावरून येणारे धडे अशी सोय केली. इथे तंत्रज्ञान हक्कांविषयी काही सांगत नव्हते, तर मॅनिटोबातल्या १८७१ च्या करारात होती तशी गावातल्या शाळेची कल्पना थोड्याफार प्रमाणात प्रत्यक्षात आणत होते. भाषेच्या बाबतीत असेच काम फर्स्टव्हॉइसेस या संकेतस्थळाने २००३ पासून केले आहे. त्यामागे व्हँकूवर बेटावरच्या डेव्ह एलियट यांचे काम आहे. त्यांनी १९७८ साली जुन्या टाइपरायटरवर सेंचोथेन भाषेची लिपी जुळवली होती.

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुलेही आता ३० सप्टेंबरला निवासी शाळांतल्या मुलांच्या स्मरणार्थ नारिंगी सदरा घालून शाळेत जातात आणि हेच धडे शिकतात. आयोगाच्या ९४व्या शिफारशीनुसार जून २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेत आदिवासींच्या आणि करारांतल्या हक्कांचा उल्लेख आला आहे. त्यामुळे पुण्या-नागपूरहून गेलेल्या आईवडिलांना, मुले वर्गात जे शिकली त्याचीच शपथ घ्यावी लागते.

एक प्रश्न अजून खुला आहे. वर्गात दाखवण्याजोग्या साक्षी, छायाचित्रे आणि नोंदी यांच्यावर मालकी कोणाची? १९९८ साली कॅनडातल्या जमातींनी आपल्याविषयीच्या माहितीची मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा आपल्याकडे असावा, हे तत्त्व मांडले. निवासी शाळांतल्या अत्याचारांच्या भरपाईसाठी हजारो लोकांनी बंद दाराआड दिलेल्या साक्षींबाबत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इतिहासासाठी त्या जपाव्यात, असे कॅनडा सरकार आणि विनिपेगचे सत्य आणि सलोखा केंद्र यांचे म्हणणे होते. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायालयाने सांगितले की साक्ष देणाऱ्याला गुप्ततेचे वचन दिले होते आणि आपली गोष्ट पुढे जावी की नाही हे तोच ठरवेल. नोंदी पंधरा वर्षे ठेवायच्या, त्या काळात ज्याला द्यायची त्याने आपली साक्ष केंद्राला द्यावी, आणि ज्यांनी दिली नाही त्यांच्या नोंदी २०२७ मध्ये नष्ट करायच्या, असा तो निकाल आहे.